आयकॉनसाठी एकच वेब कंपोनंट: रंग, आकार आणि रेषेची जाडी बाहेरून बदलता यायला आतली रचना कशी ठेवावी?

वक्ररेषा (प्रश्न)

चार अ‍ॅप आहेत: एक रिअ‍ॅक्टमध्ये, एक व्ह्यूमध्ये, एक अँग्युलरमध्ये आणि चौथं सर्व्हरवरून तयार एचटीएमएल पाठवणारं. चारही ठिकाणी आयकॉन तेच. साधारण २४० एसव्हीजी फायली आहेत, सगळ्यांचा व्ह्यूबॉक्स (चित्राची आतली मोजमापाची जाळी) २४ बाय २४. काही आयकॉन रेषांचे, काही भरीव, थोडेसे दोन रंगांचे. आतापर्यंत कुठे आयकॉन फॉन्ट, कुठे इमेज टॅग, कुठे रिअ‍ॅक्टपुरता कंपोनंट असा कारभार होता. तो मोडून सगळीकडे चालेल असा एकच कस्टम एलिमेंट, म्हणजे स्वतः बनवलेला एचटीएमएल टॅग, करायचा आहे. वापरणाऱ्याने फक्त आयकॉनचं नाव द्यावं. रंग आजूबाजूच्या मजकुराचा यावा, आकार फॉन्टप्रमाणे बदलावा आणि गरज पडली तर रेषेची जाडी व दुसरा रंग सीएसएसमधून देता यावा.

सध्याचा मसुदा असा: कन्स्ट्रक्टरमध्ये शॅडो रूट (टॅगच्या आतलं, पानाच्या सीएसएसपासून वेगळं झाड, म्हणजे शॅडो डॉम) जोडतो, त्यात एक स्टाइल टॅग टाकतो, नेम अ‍ॅट्रिब्यूट बदललं की ती फाइल फेच करतो आणि आलेला मजकूर इनरएचटीएमएलने आत ओततो. चालतं, पण पुढच्या अडचणी आहेत.

रंग लावला तरी काही आयकॉन काळेच राहतात. सगळ्यांना जबरदस्तीने रंग भरला की रेषांच्या आयकॉनचे गोळे होतात. पान उघडताना आयकॉन मागाहून येतात आणि मजकूर सरकतो. मजकुराच्या ओळीत आयकॉन थोडा वर चढल्यासारखा दिसतो. ५०० ओळींच्या यादीत प्रत्येक ओळीला ३ आयकॉन आहेत, तिथे स्क्रोल अडखळतं. प्ले आणि पॉज पटापट दाबलं तर कधीकधी उलटाच आयकॉन उरतो. आणि एका अ‍ॅपमध्ये नाव चुकलं की आयकॉनच्या चौकटीत चक्क मुखपृष्ठाचा मजकूर उमटतो.

शॅडो डॉम ठेवावा की काढावा? की मास्क किंवा स्प्राइट (सगळे आयकॉन असलेली एकच फाइल) वापरून हे सगळं टाळता येईल?

---

उघडा_कंस

शॅडो डॉमचा प्रश्न नंतरचा. आधी एसव्हीजी पानात कोणत्या वाटेने येतो ते ठरवा, कारण बाहेरून काय बदलता येईल हे तिथेच ठरतं. वाटा चार आहेत.

इमेज टॅगने आणलेला एसव्हीजी हे स्वतंत्र डॉक्युमेंट असतं. पानाचं सीएसएस त्यात शिरत नाही. आत करंटकलर ('जो मजकुराचा रंग तोच' असं सांगणारी किंमत) लिहिलेला असला तरी तो त्या फाइलच्या आतल्या रंगावरून ठरतो, म्हणजे काळाच. तुमच्या गरजेला ही वाट बाद.

मास्कमध्ये फाइलची फक्त छाया वापरली जाते आणि रंग बॅकग्राउंडमधून येतो. एकरंगी आयकॉनला हे छान चालतं, पण रेषेची जाडी बदलता येत नाही आणि दुसरा रंगही देता येत नाही. शिवाय मास्कची फाइल दुसऱ्या ओरिजिनवर (पानाच्या साइटहून वेगळ्या पत्त्यावर) असेल तर सीओआरएसचं, म्हणजे बाहेरच्या साइटला फाइल वापरू देणारं, हेडर लागतं, नाहीतर आयकॉन दिसतच नाही. विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्टमध्ये ब्राउझर बॅकग्राउंडचा रंग स्वतःच ठरवतो, त्यामुळे मास्कचे आयकॉन पार्श्वभूमीत विरून जातात. त्यासाठी फोर्स्ड-कलर्सच्या मीडिया क्वेरीत कॅनव्हासटेक्स्ट हा सिस्टिम रंग वेगळा द्यावा लागतो.

यूज टॅगने स्प्राइटमधला सिम्बॉल ओढला तर करंटकलर आणि कस्टम प्रॉपर्टी (सीएसएसमधलं आपण ठेवलेलं व्हेरिएबल) दोन्ही वारशाने आत जातात. बाहेरचे सिलेक्टर मात्र आतल्या पाथपर्यंत पोहोचत नाहीत. आणि स्प्राइटची फाइल त्याच ओरिजिनवर असावी लागते. सीडीएनवर (फायली वाटणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवर) ठेवून सीओआरएसची परवानगी दिली तरी यूज ती मानत नाही.

चौथी वाट इनलाइन, म्हणजे तुमची सध्याचीच. तुमच्या यादीतल्या सगळ्या गोष्टी हिच्यात होतात, तेव्हा ती सोडू नका. अडचणी वाटेत नाहीत, फायलींत आणि आतल्या सीएसएसमध्ये आहेत.

काळे आयकॉन. एसव्हीजीत फिल लिहिलाच नसेल तर तो काळा धरला जातो. रूटवर फिलला करंटकलर दिला की असे आकार तो वारशाने घेतात. पण पाथवर स्वतःचा फिल अ‍ॅट्रिब्यूट असेल तर वारसा तिथे हरतो, कारण वारशाने आलेली किंमत एलिमेंटवर थेट लिहिलेल्या किमतीपुढे टिकत नाही. म्हणून तुम्ही आतल्या प्रत्येक पाथला फिल लावला असणार. प्रेझेंटेशन अ‍ॅट्रिब्यूट कोणत्याही सीएसएस नियमापुढे हरतं, त्यामुळे तो नियम 'फिल नन' लिहिलेल्या रेषांनाही लागतो. गोळे होतात ते यामुळे.

यावर सीएसएसमध्ये उपाय शोधू नका, फायली साफ करा. एसव्हीजीओ या एसव्हीजी साफ करणाऱ्या साधनात कन्व्हर्टकलर्स नावाचा प्लगइन आहे. त्यात करंटकलरचा पर्याय चालू केला की 'नन' सोडून बाकी सगळे रंग करंटकलर होतात. दोन रंगांच्या आयकॉनचं वेगळं फोल्डर करून त्यांना या प्लगइनमधून वगळा, नाहीतर दुसरा रंगही त्यात जाईल. एसव्हीजीओची ३ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर रिमूव्हव्ह्यूबॉक्स मुद्दाम बंद करा. तो डीफॉल्ट संचात चालू असतो आणि रुंदी-उंची व्ह्यूबॉक्सशी जुळली की व्ह्यूबॉक्स काढून टाकतो. मग आयकॉन लहान करायला गेलं की तो आक्रसत नाही, कापला जातो. आवृत्ती ४ पासून तो डीफॉल्ट संचात नाही.

रेषेची जाडी. पाथवरचे स्ट्रोक-विड्थ अ‍ॅट्रिब्यूट बिल्डमध्येच काढून टाका आणि शॅडो रूटमधल्या एसव्हीजीवर स्ट्रोक-विड्थ एका कस्टम प्रॉपर्टीतून घ्या, फॉलबॅक २. ही प्रॉपर्टी वारशाने खाली जाते, म्हणून रूटवर दिली की पुरे. फक्त ही जाडी व्ह्यूबॉक्सच्या एककात असते हे लक्षात ठेवा. २४ च्या जाळीत २ म्हणजे १६ पिक्सेलच्या आयकॉनला सुमारे १.३३ पिक्सेल आणि ४८ च्या आयकॉनला ४ पिक्सेल. आकार कोणताही असो, रेष पडद्यावर तेवढीच हवी असेल तर व्हेक्टर-इफेक्टला नॉन-स्केलिंग-स्ट्रोक द्या. ते वारशाने जात नाही, त्यामुळे रूटवर लिहून काही होणार नाही. पाथ, सर्कल, लाइन, पॉलिलाइन, रेक्ट अशा प्रत्येक आकारावर नियम लागतो. जाडी वाढवली की काठावरच्या रेषा व्ह्यूबॉक्सच्या कडेला छाटल्या जातात, म्हणून एसव्हीजीला ओव्हरफ्लो व्हिजिबल ठेवा.

दुसरा रंग. दुसऱ्या थराच्या आकारांना फाइलमध्येच एक ठरलेला क्लास द्या. शॅडो रूटच्या स्टाइलशीटमध्ये त्या क्लासचा फिल दुसऱ्या कस्टम प्रॉपर्टीतून घ्या आणि फॉलबॅकला करंटकलर ठेवा. त्या थराची ओपॅसिटीही तिसऱ्या प्रॉपर्टीतून, फॉलबॅक ०.४. म्हणजे कुणी काहीच दिलं नाही तरी आयकॉन दोन छटांचा दिसतो, एकसंध ठोकळा होत नाही.

आकार. होस्टला (म्हणजे आयकॉनच्या टॅगला) इनलाइन-ब्लॉक, रुंदी-उंची १ ईएम, म्हणजे फॉन्टच्या आकाराएवढी. आतल्या एसव्हीजीला डिस्प्ले ब्लॉक आणि रुंदी-उंची १०० टक्के. व्हर्टिकल-अलाइन उणे ०.१२५ ईएम द्या, चढल्यासारखं दिसणं त्यानेच जाईल. आयकॉनची खालची कड बेसलाइनवर टेकते आणि वरची कड मोठ्या अक्षरांच्याही वर जाते, म्हणून तो सगळाच वर वाटतो. प्रत्येक फॉन्टला आणि लिपीला हाच आकडा बसेल असं नाही, तेव्हा हीही कस्टम प्रॉपर्टी करा. फ्लेक्सच्या ओळीत लांब मजकुराशेजारी आयकॉन चेपला जातो, त्यासाठी फ्लेक्स-श्रिंक शून्य.

रंगासाठी वेगळं अ‍ॅट्रिब्यूट ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. डार्क थीम आली, होव्हर आला, डिसेबल्ड बटण आलं की त्या अ‍ॅट्रिब्यूटची किंमत कोण बदलणार? सीएसएसचा कलर ते काम फुकट करतो.

आता शॅडो डॉम. ठेवा. चारही अ‍ॅपांचं ग्लोबल सीएसएस वेगळं असणार आणि त्यात कुठेतरी 'एसव्हीजीला डिस्प्ले ब्लॉक, मॅक्स-विड्थ १०० टक्के' असा रिसेट असतोच. तो आत येत नाही हा फायदा छोटा नाही. कस्टम प्रॉपर्टी, कलर असे वारशाने जाणारे गुण शॅडोची भिंत ओलांडून जातात, बाहेरचे सिलेक्टर अडतात. आतल्या एसव्हीजीला एक पार्ट (बाहेरच्या सीएसएसला धरता येईल असं नाव) देऊन ठेवला की फिरवणं, छाया देणं अशी अडीनडीची कामंही बाहेरून होतात.

---

बांधणी_आणि_बिघाड

रंगाबद्दल वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी वेगाचं आणि चुकीच्या आयकॉनचं बघतो.

५०० ओळी गुणिले ३ म्हणजे १५०० एलिमेंट. सध्या प्रत्येक जण स्वतः फेच करतो, स्वतः पार्स करतो आणि स्वतःचा स्टाइल टॅग बाळगतो. ब्राउझरच्या कॅशमुळे नेटवर्क वाचेल, पण पार्सिंग १५०० वेळा होतंच.

मॉड्यूलच्या पातळीवर एक मॅप ठेवा. किल्ली आयकॉनचं नाव, किंमत प्रॉमिस (पुढे येणाऱ्या निकालाची जणू पावती). निकाल नव्हे, प्रॉमिस साठवा. एकाच क्षणी ५०० आयकॉनांनी तेच नाव मागितलं तर निकाल येईपर्यंत मॅप रिकामा असतो आणि ५०० फेच सुटतात. प्रॉमिस साठवलं तर पहिल्याचंच सगळ्यांना मिळतं. प्रॉमिस फसलं तर ती नोंद मॅपमधून काढून टाका, नाहीतर क्षणभर नेटवर्क गेलं म्हणून तो आयकॉन पान रिफ्रेश होईपर्यंत गायब राहतो.

मजकूर आला की एकदाच पार्स करून तयार एसव्हीजी एलिमेंट जपून ठेवा आणि प्रत्येक होस्टला क्लोननोड, डीप. इनरएचटीएमएल पुन्हा पुन्हा नको. स्टाइलसाठी एकच सीएसएसस्टाइलशीट ऑब्जेक्ट बनवा आणि प्रत्येक शॅडो रूटच्या अ‍ॅडॉप्टेडस्टाइलशीट्समध्ये तोच द्या. क्रोम ७३, फायरफॉक्स १०१ आणि सफारी १६.४ पासून हे चालतं. याचा आणखी एक फायदा: कडक सीएसपी (पानात काय चालू द्यायचं हे ठरवणारं सुरक्षा धोरण) असलेल्या अ‍ॅपमध्ये इनलाइन स्टाइल टॅग अडतो, हा ऑब्जेक्ट अडत नाही. त्याच सीएसपीत फायलींमधले स्टाइल अ‍ॅट्रिब्यूटही अडतात, म्हणून बिल्डमध्ये ते साध्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये बदलून घ्या. फेचसाठी कनेक्ट-एसआरसीमध्ये आयकॉनचा पत्ता लागेल. इमेजसाठी दिलेली परवानगी फेचला लागू होत नाही.

एवढं करूनही यादी जड वाटली तर दोष आयकॉनचा नाही, १५०० नोड एकदम रंगवण्याचा आहे. ओळींना कंटेंट-व्हिजिबिलिटी ऑटो द्या किंवा यादी व्हर्च्युअल करा.

प्ले-पॉजचा घोळ ही रेस आहे, म्हणजे दोन मागण्यांतली कोणती आधी पुरी होईल याची शर्यत. पॉजची फाइल मागितली, लगेच नाव प्ले झालं, प्ले कॅशमधून चटकन आलं आणि पॉज नेटवर्कवरून मागाहून येऊन त्याच्यावर बसला. अवेटच्या आधी नाव एका स्थानिक व्हेरिएबलमध्ये धरा. अवेटनंतर आत्ताचं नाव तेच आहे का बघा. नसेल तर गुपचूप परत फिरा. एका ओळीचं काम आहे.

मुखपृष्ठ उमटण्याचं कारण सर्व्हरची सेटिंग. सिंगल पेज अ‍ॅपचा सर्व्हर न सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला मुख्य एचटीएमएल देतो, तेही २०० स्टेटसने. त्यामुळे नुसतं रिस्पॉन्सचं 'ओके' तपासून भागत नाही. कंटेंट-टाइपमध्ये इमेज/एसव्हीजी आहे का पाहा आणि पार्स झाल्यावर रूट एलिमेंट खरोखर एसव्हीजी आहे का तेही पाहा. डोमपार्सरला एसव्हीजीचा प्रकार देऊन पार्स केलंत तर मोडक्या एक्सएमएलला तो एरर फेकत नाही, पार्सरएरर नावाचा टॅग असलेलं डॉक्युमेंट देतो. रूट तपासलं की तोही सापडतो. याच पार्सरला एक्सएमएलएनएस लागतं. ते फाइलमध्ये नसेल तर नोड तयार होतात, इन्स्पेक्टरमध्ये दिसतात आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. हाताने एसव्हीजी बनवताना साधा क्रिएटएलिमेंट वापरला तरी नेमकं हेच होतं. क्रिएटएलिमेंटएनएस हवा, आणि व्ह्यूबॉक्स लिहिताना मधला बी मोठाच.

सुरक्षेचं: इनरएचटीएमएलने आलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही, पण ऑनलोड, ऑनएरर ही अ‍ॅट्रिब्यूट चालतात. एसव्हीजी म्हणजे चित्र नव्हे, मार्कअप आहे. फायली तुमच्याच असल्या तरी पार्स झाल्यावर एकदा झाडावरून फिरून स्क्रिप्ट, फॉरेनऑब्जेक्ट आणि 'ऑन'ने सुरू होणारी सगळी अ‍ॅट्रिब्यूट काढा. जावास्क्रिप्टचा पत्ता असलेले एचरेफही. वापरकर्त्याने चढवलेले आयकॉन कधी दाखवायचे असतील तर ते या वाटेने आणूच नका, इमेज टॅगने दाखवा. तिथे स्क्रिप्ट चालत नाही. आणि नेम अ‍ॅट्रिब्यूटमध्ये फक्त छोटी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन चालू द्या. ही तपासणी नसेल तर दोन टिंबं आणि स्लॅश देऊन कुणीही भलत्याच फोल्डरची फाइल मागू शकतो.

---

पिक्सेलमोजणी

थोडा विरोधी सूर लावतो. एवढा डोलारा उभा करायच्या आधी स्प्राइटचा हिशोब करा. एक आयकॉन सरासरी ६०० बाइट धरला तर २४० चे १४४ किलोबाइट होतात, कॉम्प्रेशननंतर त्याहून बरेच कमी. एक फाइल, एकदा उतरते, नावात हॅश असला की वर्षभर कॅशमध्ये राहते. रेस नाही, पार्सिंग नाही, मॅप नाही. आणि चौथ्या अ‍ॅपमध्ये, जिथे सर्व्हर एचटीएमएल देतो, तिथे स्क्रिप्ट उतरेपर्यंत आयकॉनच दिसत नाही ही भानगडही नाही. फाइल आपल्याच ओरिजिनवर ठेवायला काय जातं?

कंपोनंट हवाच असेल तर तो पातळ ठेवा: शॅडो रूटमध्ये एक एसव्हीजी, त्यात एक यूज. नाव बदललं की फक्त एचरेफ बदला.

या वाटेवरचे दोन खड्डे सांगतो. स्प्राइट पानातच इनलाइन ठेवून नुसत्या हॅशने संदर्भ दिला तर शॅडो रूटच्या आतून तो सापडत नाही, कारण आयडी त्या त्या झाडापुरते शोधले जातात. फाइलचा पूर्ण पत्ता आणि पुढे हॅश, असंच द्यावं लागतं. दुसरं, साध्या पानात इनलाइन स्प्राइट लपवताना डिस्प्ले नन दिलं तर ग्रेडियंट वापरणारे आयकॉन काही ब्राउझरांत रिकामे येतात. रुंदी-उंची शून्य आणि पोझिशन अ‍ॅब्सोल्यूट करून लपवा.

---

उघडा_कंस

@पिक्सेलमोजणी, चौथ्या अ‍ॅपबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण व्हेक्टर-इफेक्टसारखी गोष्ट आकारागणिक द्यायची तर स्प्राइटमध्ये ती आधीच लिहून ठेवावी लागते, वापराच्या ठिकाणी चालू-बंद करता येत नाही. आणि कुणी आयकॉन सीडीएनवर हलवले की सगळ्या अ‍ॅपांचे आयकॉन एकाच दिवशी गायब, तेही कन्सोलमधल्या एका ओळीपलीकडे काही न बोलता.

चौथ्या अ‍ॅपसाठी मधला मार्ग आहे. शॅडो रूटमध्ये एक स्लॉट (टॅगच्या आत लिहिलेली मुलं जिथे दिसतात ती जागा) ठेवा. टॅगच्या आत आधीच एसव्हीजी मूल असेल तर कंपोनंटने फेच करायचंच नाही, स्लॉट तेच दाखवेल. सर्व्हरने टेम्प्लेटमधूनच एसव्हीजी छापायचा. स्क्रिप्ट आली नाही तरी आयकॉन दिसतो, आली की कस्टम प्रॉपर्टींचे नियम लागू होतात. मर्यादा एवढीच की स्लॉटेड सिलेक्टर फक्त वरच्या एसव्हीजीला धरतो, आतल्या पाथला नाही. म्हणजे वारशाने जाणारे गुण (रंग, स्ट्रोक-विड्थ) चालतील, दुसऱ्या थराचा क्लास शॅडोच्या स्टाइलशीटमधून चालणार नाही. त्याचा नियम त्या अ‍ॅपच्या ग्लोबल सीएसएसमध्ये लिहा.

डिक्लेरेटिव्ह शॅडो डॉमही आहे, म्हणजे शॅडो रूट स्क्रिप्टशिवाय एचटीएमएलमध्येच लिहायचा. क्रोम १११, सफारी १६.४, फायरफॉक्स १२३ पासून सगळीकडे चालतो. पण त्यात प्रत्येक आयकॉनसोबत टेम्प्लेट टॅग आणि स्टाइल पुन्हा पुन्हा छापावी लागते. एवढ्याशा आयकॉनला ते जड होतं.

पान सरकण्याबद्दल बोलायचं राहिलं होतं. होस्टचे नियम शॅडो रूटमध्ये आहेत आणि एलिमेंट डिफाइन होईपर्यंत शॅडो रूटच नसतो, तोवर टॅगची रुंदी शून्य. ग्लोबल सीएसएसमध्ये 'नॉट डिफाइन्ड' सिलेक्टर वापरून त्याच टॅगला इनलाइन-ब्लॉक, १ ईएम बाय १ ईएम द्या. ही एकच गोष्ट कंपोनंटच्या बाहेर लिहावी लागते आणि दस्तऐवजात हमखास सुटते ती हीच.

---

वक्ररेषा

दोघांचेही आभार. स्लॉटची कल्पना पटली, तसंच करतो. साफ केलेल्या फायली लावल्यावर काळे आयकॉन आणि गोळे दोन्ही गेले.

आता दोन नवे प्रश्न. एक, स्क्रीन रीडरसाठी लेबल कुठे द्यायचं? सध्या प्रत्येक आयकॉनला रोल आयएमजी आणि नाव हेच लेबल असं केलंय. दोन, चौथ्या अ‍ॅपमध्ये आयकॉननंतरचा सगळा मजकूर नाहीसा होतोय. आयकॉनचा टॅग स्लॅशने तिथेच बंद केलाय, रिअ‍ॅक्टमध्ये तसाच लिहिलेला चालतो.

---

कीबोर्डकर

दुसऱ्याचं आधी, कारण ते एका ओळीचं आहे: एचटीएमएलमध्ये कस्टम एलिमेंट स्लॅशने बंद होत नाही. पार्सर तो स्लॅश सोडून देतो आणि पुढचं सगळं त्या टॅगचं मूल समजतो. तुमच्या शॅडो रूटने ती मुलं दाखवली नाहीत म्हणून मजकूर गायब. उघडणारा आणि बंद करणारा असे दोन्ही टॅग लिहा. (आता स्लॉट आल्यावर मजकूर गायब होणार नाही, १ ईएमच्या चौकटीतून बाहेर सांडेल. तेही वाईटच.)

लेबलचं मात्र उलट करा. आयकॉन मुळात सजावटीचा धरा. बहुतेक ठिकाणी शेजारी मजकूर असतो, आणि तिथे स्क्रीन रीडर 'ट्रॅश-आउटलाइन, काढून टाका' असं वाचून दाखवतो. फाइलचं नाव हे लेबल नव्हे. एरो-लेफ्ट कुठे 'मागे' असतो, कुठे 'आधीचा महिना'.

तेव्हा लेबल अ‍ॅट्रिब्यूट नसेल तर होस्टवर एरिया-हिडन ट्रू. असेल तर एरिया-हिडन काढा, रोल आयएमजी आणि एरिया-लेबल लावा. अ‍ॅट्रिब्यूट रिकामं असेल तर नसल्यासारखंच वागा. वापरणाऱ्याने स्वतः एरिया-लेबल लिहिलं असेल तर त्याला हात लावू नका. हे सगळं कनेक्टेडकॉलबॅकमध्ये आणि पुढे अ‍ॅट्रिब्यूट बदलल्यावर करा, कन्स्ट्रक्टरमध्ये नको. कन्स्ट्रक्टरमध्ये होस्टवर अ‍ॅट्रिब्यूट ठेवलं तर क्रिएटएलिमेंटने बनवताना नॉटसपोर्टेडएरर येतो. एचटीएमएलमध्ये लिहिलेल्या टॅगला तो येत नाही, म्हणून साध्या चाचणीत सापडत नाही आणि रिअ‍ॅक्टमध्ये फुटतो.

फक्त आयकॉन असलेल्या बटणाला लेबल बटणावर द्या, आयकॉन लपलेलाच राहू द्या. शॅडो रूटच्या आतल्या टायटल टॅगला बाहेरून एरिया-लेबल्डबायने जोडायचा खटाटोप करू नका. आयडीचा संदर्भ शॅडोच्या भिंतीतून जात नाही.

मापं: डब्ल्यूसीएजीच्या (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या नियमावलीच्या) १.४.११ निकषाप्रमाणे अर्थ सांगणाऱ्या आयकॉनचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ३:१ हवा. दुसरा थर ०.४ ओपॅसिटीवर ठेवला तर तो त्यात बसणार नाही, त्यामुळे अर्थ पहिल्या थरातूनच कळायला हवा. २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत २.५.८ हा निकष आहे: दाबायची जागा किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल. आयकॉन १६ चा असेल तर बटणाला चारही बाजूंनी ४ पॅडिंग द्या. आयकॉन फुगवायची गरज नाही.

उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांचा विचार आत्ताच करून ठेवा. मागे-पुढेचे बाण आरशातल्यासारखे उलटायला हवेत, घड्याळ आणि बरोबरची खूण नाही. म्हणून हे आपोआप करू नका, फ्लिप-आरटीएल असं अ‍ॅट्रिब्यूट ठेवा आणि होस्टवर डिर सिलेक्टर लावून स्केलएक्स उणे १ द्या. होस्ट-कॉन्टेक्स्ट वापरू नका, फायरफॉक्स आणि सफारीत तो नाही. लोडिंगचा आयकॉन फिरवणार असाल तर प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशनमध्ये थांबवा.

---

बांधणी_आणि_बिघाड

चार अ‍ॅपांत वाटायची वेळ येईल तेव्हाचं थोडं.

एकाच पानावर तुमच्या पॅकेजच्या दोन आवृत्त्या आल्या तर तेच नाव दुसऱ्यांदा डिफाइन करताना एरर येतो आणि त्या मॉड्यूलचं पुढचं काही चालत नाही. डिफाइनच्या आधी कस्टमएलिमेंट्सच्या गेटने नाव घेतलंय का बघा. घेतलं असेल तर कन्सोलमध्ये आवृत्तीसह इशारा द्या. नुसतं गप्प राहिलात तर जुनी आवृत्ती का चालतेय हे शोधण्यात दिवस जातो.

फ्रेमवर्क कधीकधी एलिमेंट डिफाइन व्हायच्या आधीच त्यावर नेम ही प्रॉपर्टी ठेवतं. मग ती साधी प्रॉपर्टी ऑब्जेक्टवरच बसते, तुमचा सेटर मागे झाकला जातो आणि नाव बदललं तरी आयकॉन हलत नाही. कनेक्टेडकॉलबॅकमध्ये हॅजओनप्रॉपर्टीने तपासा. असेल तर किंमत धरून ठेवा, प्रॉपर्टी डिलीट करा आणि पुन्हा नेमून द्या, म्हणजे ती सेटरमधून जाईल. डॉममध्ये जागा बदलली तरी कनेक्टेडकॉलबॅक पुन्हा चालतो, त्यामुळे तिथे 'नाव तेच असेल तर काही करू नको' अशी अट हवी. ड्रॅग करून लावायच्या यादीत ती नसली की आयकॉन लुकलुकतात.

व्ह्यूला कंपायलर पर्यायांतल्या इझकस्टमएलिमेंटमध्ये टॅग सांगा, अँग्युलरला कस्टम एलिमेंट्स स्कीमा. रिअ‍ॅक्ट १९ च्या आधीच्या आवृत्तीत कस्टम एलिमेंटवर क्लासनेम नव्हे, क्लास लिहावं लागतं. सगळ्या किमती साध्या स्ट्रिंग ठेवल्यात तर फ्रेमवर्कचा आणखी त्रास नाही.

फेच करायचं की बंडलमध्ये घालायचं? दोन्ही ठेवा. नाव स्ट्रिंगमध्ये असल्यामुळे कोणते आयकॉन वापरात आहेत हे बंडलरला कळत नाही, आणि सगळे आयात केले तर २४० च्या २४० आत जातात. म्हणून प्रत्येक आयकॉनचं स्वतंत्र मॉड्यूल आणि एक रजिस्टर फंक्शन ठेवा. हेडरमधले, पहिल्या पडद्यावरचे दहा-वीस आयकॉन अ‍ॅपने आधीच रजिस्टर करावेत, ते त्याच मॅपमध्ये तयार प्रॉमिस म्हणून बसतात. बाकीचे लागतील तेव्हा फेचने. बेस पत्ता एका फंक्शनने देता यावा, कोडमध्ये पक्का नको.

नाव सापडलं नाही तर रिकामी जागा सोडू नका. डेव्हलपमेंटमध्ये त्याच मापाची तुटक रेषांची चौकट आणि कन्सोलमध्ये नाव, प्रॉडक्शनमध्ये नुसती जागा. आयकॉनचं नाव बदललंत तर जुन्या नावाची नोंद एका टोपणनावांच्या तक्त्यात ठेवा आणि ती पुढच्या मोठ्या आवृत्तीतच काढा. आणि २४० फायलींच्या नावांवरून टाइपस्क्रिप्टचा युनियन टाइप बिल्डमध्येच तयार करून घ्या. नाव चुकलं की एडिटरमध्येच लाल रेष येते.

---

पिक्सेलमोजणी

फायली साफ करताना आणखी एक तपासा, ग्रेडियंट किंवा क्लिपपाथ असलेल्या आयकॉनचे आयडी. डिझाइनच्या साधनांतून सगळ्यांचे आयडी 'ए', 'बी' असेच निघतात. शॅडो रूटमध्ये प्रत्येकाचं झाड वेगळं म्हणून भागतं, पण स्लॉटमधून आलेले एसव्हीजी मुख्य डॉक्युमेंटमध्ये असतात. तिथे दुसऱ्या आयकॉनला पहिल्याचा ग्रेडियंट लागतो, आणि पहिला लपवला तर दुसऱ्याचा रंगच जातो. एसव्हीजीओचा प्रीफिक्सआयडीज चालू करा, तो फाइलचं नाव आयडीच्या पुढे लावतो. एकच आयकॉन पानावर दोनदा आला तर आयडी पुन्हा सारखेच होतात, पण ग्रेडियंटही सारखाच असल्याने पहिला लपलेला नसेल तोवर दिसण्यात फरक पडत नाही. चौथ्या अ‍ॅपमध्ये उघडझाप होणारे मेन्यू असतील तर ग्रेडियंटवाले आयकॉन तिथे इमेज टॅगनेच दाखवा. त्यांचा रंग तसाही बदलायचा नसतो.